मेंदूतली तासाची घंटा

जून महिन्यात नववीच्या वर्गावर पाऊल ठेवले की क्षणभर मुलांची ओळख पटत नाही. एप्रिलमध्ये पहिल्या बाकावर बसणारा मुलगा आता शेवटच्या बाकाशिवाय मावत नाही. कोणाचा आवाज फुटलेला असतो, कोणाला मिसरूड फुटलेले असते. बहुतेक मुलींमध्ये हे बदल त्याआधीच, सहावी-सातवीत सुरू झालेले असतात. पण त्याच वर्गात एखादा मुलगा असा असतो, की ज्याच्यात काहीच बदललेले नाही. कवायतीच्या रांगेत तो अजूनही सर्वांत पुढे उभा असतो. मित्र त्याची थट्टा करतात. तो शिक्षकांना काही विचारत नाही, पण 'माझे कधी?' हा प्रश्न त्याच्या मनात असतोच.

पाठ्यपुस्तकातले उत्तर आपल्याला पाठ आहे. वृषणांतून टेस्टोस्टेरॉन आणि अंडाशयांतून इस्ट्रोजेन ही संप्रेरके स्रवू लागतात, म्हणून मुले-मुली वयात येतात. हे उत्तर चूक नाही, अपुरे आहे. वृषणे आणि अंडाशये शरीरात जन्मापासून असतात. मुलीच्या अंडाशयात तर आयुष्यभर पुरतील इतक्या अपक्व अंडपेशी जन्मापूर्वीच तयार झालेल्या असतात. मग या ग्रंथी इतकी वर्षे स्वस्थ का बसतात? आणि एके दिवशी त्यांना कामाला कोण लावते?

या प्रश्नाचे उत्तर मेंदूत आहे. ते शोधायला शास्त्रज्ञांना जवळजवळ पाऊण शतक लागले. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. मेंदू कोणता संदेश पाठवतो याला जेवढे महत्त्व आहे, तेवढेच तो कोणत्या लयीत पाठवतो यालाही आहे.

मेंदूतून निघणारे दोन रस्ते

मेंदूच्या तळाशी अवचेतक नावाचा छोटासा भाग आहे. माणसात त्याचे वजन जेमतेम चार ग्रॅम भरते. त्याच्याखाली, देठाला वाटाणा लोंबावा तशी, पीयूषिका ग्रंथी असते. तिचे वजन साधारण अर्धा ग्रॅम. पीयूषिकेचे मागचा आणि पुढचा असे दोन भाग आहेत आणि अवचेतक या दोन भागांशी दोन वेगळ्या पद्धतींनी बोलतो.

पहिली पद्धत गोठ्यात रोज पाहायला मिळते. वासराने कासेला ढुशी दिली, की गाय पान्हा सोडते. सरावाच्या गाईला तर कधी कधी चरवीचा आवाजही पुरतो. येथे स्पर्शाची किंवा आवाजाची जाणीव मेंदूपर्यंत जाते आणि अवचेतकातील चेतापेशी ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक सोडतात. या चेतापेशींचे लांब तंतू थेट पीयूषिकेच्या मागच्या भागात उतरलेले असतात. तेथून ऑक्सिटोसिन रक्तात मिसळते, कासेपर्यंत पोहोचते आणि दुधाच्या पिशव्यांभोवतालच्या पेशी आकुंचन पावतात. बाळंतपणात गर्भाशयाच्या कळा वाढवणारे संप्रेरकही हेच. नऊ अमिनो आम्लांच्या या रेणूची रचना व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी उलगडली, १९५३ साली तो प्रयोगशाळेत बनवला आणि १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वयात येण्याचा संबंध मात्र पीयूषिकेच्या पुढच्या भागाशी आहे. या भागातून दोन संप्रेरके निघतात: पुटिका उद्दीपक संप्रेरक आणि पीतपिंडकारी संप्रेरक. नावे स्त्रीच्या शरीरावरून पडली असली तरी ही दोन्ही संप्रेरके पुरुषांतही असतात. रक्तातून अंडाशयांकडे किंवा वृषणांकडे जाऊन ती त्या ग्रंथींना कामाला लावतात. म्हणूनच वर्गात आपण पीयूषिकेला 'प्रमुख ग्रंथी' म्हणतो. पण ही प्रमुख ग्रंथी तरी कोणाच्या हुकुमाने चालते? अवचेतकाच्या, असे म्हणावे तर एक अडचण होती. पुढच्या भागात अवचेतकाचे चेतातंतू जवळजवळ जातच नाहीत. तारच नाही, तर निरोप पोहोचणार कसा?

रक्तातून जाणारा निरोप

अवचेतक आणि पीयूषिका यांना जोडणाऱ्या काही बारीक रक्तवाहिन्या १९३० साली वर्णिल्या गेल्या होत्या. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री हॅरिस यांचे म्हणणे असे, की अवचेतक या वाहिन्यांमध्ये रासायनिक पदार्थ सोडतो आणि निरोप रक्तातून खाली जातो. अनेकांना हे पटत नव्हते.

१९५२ साली हॅरिस आणि डोरा जेकबसन यांनी उंदरांवर केलेला प्रयोग निर्णायक ठरला. त्यांनी माद्यांची पीयूषिका काढून टाकली. त्यांचे प्रजननचक्र थांबले. मग काही माद्यांमध्ये दुसरी पीयूषिका अवचेतकाच्या बरोबर खाली बसवली आणि काहींमध्ये मेंदूच्याच, पण वेगळ्या भागाखाली. दोन्ही ठिकाणी कलमाला रक्तपुरवठा मिळाला. पण अवचेतकाकडून येणाऱ्या वाहिन्या जेथे पुन्हा जोडल्या गेल्या, त्याच माद्यांचे चक्र सुरू झाले. त्यांतल्या काही गाभणही राहिल्या. पीयूषिकेला नुसते रक्त पुरत नाही. अवचेतकाला स्पर्शून आलेले रक्तच लागते.

आता त्या रक्तातला पदार्थ शोधायचा होता. अमेरिकेत रॉजर गिलमँ आणि अँड्र्यू शॅली हे दोघे आधी सहकारी होते, पुढे कडवे प्रतिस्पर्धी झाले. पदार्थ इतका अल्प, की तो वेगळा करायला कत्तलखान्यांतून गिलमँ यांनी मेंढ्यांचे आणि शॅली यांनी डुकरांचे लक्षावधी अवचेतक जमवले. १९७१ साली शॅली यांच्या गटाने त्या पदार्थाची रचना जाहीर केली. अवघ्या दहा अमिनो आम्लांची साखळी! डुक्कर, मेंढी आणि माणूस यांच्यात हा रेणू अगदी सारखाच आहे. त्याचे पूर्ण नाव लांबलचक आहे. पीयूषिकेतून जननग्रंथींची संप्रेरके मोकळी करणारा, म्हणून आपण त्याला 'विमोचक संप्रेरक' म्हणू. वैद्यकात तो जीएनआरएच या आद्याक्षरांनी ओळखला जातो. १९७७ सालच्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकात गिलमँ आणि शॅली यांचा वाटा होता. तिसऱ्या मानकरी होत्या रोझॅलिन यॅलो. रक्तातील संप्रेरकांचे अतिसूक्ष्म प्रमाण मोजण्याची पद्धत विकसित केल्याबद्दल त्यांचा गौरव झाला.

हे संप्रेरक बनवणाऱ्या चेतापेशी किती असाव्यात? माणसाच्या मेंदूत हजार-दोन हजार. मेंदूतील एकूण चेतापेशी सुमारे ८६ अब्ज आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे ही संख्या किती क्षुल्लक आहे ते कळेल. तरीही या मूठभर पेशींशिवाय सस्तन प्राण्यांत पुढची पिढी निर्माण होणार नाही.

घंटा सतत वाजली तर?

रेणू हाती आला, तो कारखान्यात बनवताही येऊ लागला. आता ज्यांच्यात तो कमी आहे त्यांना तो दिला की काम झाले, असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात मात्र गोष्ट इतकी सरळ निघाली नाही.

पिट्सबर्ग विद्यापीठात अर्न्स्ट नोबिल आणि त्यांचे सहकारी ऱ्हीसस माकडांवर काम करत होते. उत्तर भारतात गावोगाव दिसणारे लाल तोंडाचे माकड ते हेच. १९७० साली त्यांनी अंडाशये काढलेल्या माद्यांचे रक्त थोड्या थोड्या वेळाने तपासले. पीतपिंडकारी संप्रेरकाचे प्रमाण स्थिर नव्हते. साधारण दर तासाला ते एकदम चढत होते आणि मग हळूहळू उतरत होते. जणू आत कोणीतरी तासाचा टोल देत होते.

हा टोल आवश्यक आहे की केवळ योगायोग, हे पाहण्यासाठी त्यांनी काही माकडांच्या अवचेतकातला विमोचक संप्रेरकाचा उगम नष्ट केला आणि ते संप्रेरक बाहेरून नळीने दिले. १९७८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: दर तासाला फक्त सहा मिनिटे संप्रेरक दिले, तर पीयूषिका नीट काम करू लागली. तेच संप्रेरक त्याच गतीने अखंड देत राहिल्यावर पीयूषिकेचे काम मंदावत गेले आणि जवळजवळ बंद पडले. पुन्हा तासातासाने देणे सुरू केले, की काम पूर्ववत!

शाळेची घंटा आठवा. तास संपला की टोल पडतो. शिक्षक खडू ठेवतात, मुले वह्या बदलतात. पण घंटा बिघडून दिवसभर वाजतच राहिली तर? पहिली काही मिनिटे सगळे दचकतील. मग तिच्याकडे कोणी लक्ष देणार नाही. पीयूषिकेच्या पेशींचे असेच होते. विमोचक संप्रेरक ओळखणारे ग्राही रेणू या पेशींच्या पृष्ठभागावर असतात. संप्रेरक अखंड येत राहिले, की पेशी हे ग्राही आत ओढून घेते आणि निरोप पुढे नेणारी आतली यंत्रणाही मंद होते. दोन टोलांच्या मधली शांतता हाही निरोपाचाच भाग आहे.

१९८० साली याच गटाने आणखी एक प्रयोग केला. वयात न आलेल्या लहान माकडिणींना त्यांनी दर तासाला विमोचक संप्रेरकाचा एक डोस देणे सुरू केले. काही आठवड्यांत त्यांच्यात प्रौढ मादीसारखे पाळीचे चक्र सुरू झाले. डोस थांबवले, तशा त्या पुन्हा बाल्यावस्थेत गेल्या. अंडाशये तयार होती, पीयूषिका तयार होती. खोळंबा फक्त टोल पडण्याचा होता.

माणसातही हेच चित्र दिसते. जन्मानंतरचे काही महिने हा टोल चालू असतो. मग तो मंदावतो आणि बालपणभर जवळजवळ गप्प राहतो. वयात येताना तो पुन्हा सुरू होतो, आणि विशेष म्हणजे आधी फक्त रात्री, झोपेत. दिवसा तो नंतर ऐकू येतो. प्रौढ स्त्रीमध्ये त्याची गतीही बदलत राहते. पाळीच्या चक्राच्या पूर्वार्धात टोल साधारण तास ते दीड तासाने पडतो. बीज बाहेर पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉनमुळे हे अंतर तीन-चार तासांपर्यंत वाढते. गती जलद असली की पीयूषिका पीतपिंडकारी संप्रेरकावर भर देते, संथ असली की पुटिका उद्दीपक संप्रेरकावर. एकाच घंटेतून, केवळ लय बदलून, दोन वेगळे निरोप जातात.

या शोधाचा वैद्यकाला दुहेरी उपयोग झाला. ज्यांच्या मेंदूत हा टोल पडतच नाही, अशा स्त्री-पुरुषांना लहानशा पंपाने ठरावीक अंतराने संप्रेरक देता येते आणि त्यांना अपत्यप्राप्ती होऊ शकते. उलट, ज्या मुलांमध्ये टोल फार लवकर सुरू होतो, त्यांना या संप्रेरकाचे दीर्घकाळ टिकणारे रूप टोचतात. घंटा अखंड वाजते, पीयूषिका दुर्लक्ष करते आणि वयात येणे थांबते. योग्य वयात औषध बंद केले, की ते पुन्हा सुरू होते. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन कमी करण्यासाठीही हीच युक्ती वापरतात.

टोल देणारा कोण?

विमोचक संप्रेरकाच्या पेशींना तरी वेळ कोण सांगतो? या प्रश्नाचा धागा अगदी आडवाटेने मिळाला. १९९६ साली अमेरिकेतील हर्शी या गावी त्वचेच्या कर्करोगाचा प्रसार रोखणारे एक जनुक सापडले. हर्शी हे गाव 'किसेस' या चॉकलेटसाठी प्रसिद्ध आहे. त्यावरून जनुकाला किस-१ आणि पुढे त्याच्या प्रथिनाला किस्पेप्टिन असे नाव पडले. प्रजननाशी त्याचा काही संबंध असेल, अशी तेव्हा कोणाला कल्पना नव्हती.

२००३ साली फ्रान्समधील आणि अमेरिकेतील दोन गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशी कुटुंबे अभ्यासली की ज्यांतील काही व्यक्ती वयातच आल्या नव्हत्या. दोष निघाला तो किस्पेप्टिन ओळखणाऱ्या ग्राही रेणूत. २००९ साली अशाच काही कुटुंबांत न्यूरोकायनिन-बी या दुसऱ्या रेणूशी संबंधित दोष सापडले. आज आपल्याला माहीत आहे, की अवचेतकातील काही चेतापेशी किस्पेप्टिन, न्यूरोकायनिन-बी आणि डायनॉर्फिन असे तीन पदार्थ बनवतात. न्यूरोकायनिन-बी या पेशींना एकमेकींना चेतवायला लावते, तर डायनॉर्फिन त्यांना शांत करते. चेतवणे आणि शमवणे यांच्या आवर्तनातून लय तयार होते आणि प्रत्येक आवर्तनात सुटलेले किस्पेप्टिन विमोचक संप्रेरकाच्या पेशींना जागे करते. घंटेवर हातोडा मारणारा हात सापडला तो असा.

हा हात शरीराच्या इतर भागांचेही ऐकतो. १९९४ साली शोधलेले लेप्टिन हे संप्रेरक मेदपेशींतून निघते आणि शरीरात ऊर्जेचा साठा किती आहे, हे मेंदूला कळवते. जन्मतः लेप्टिन नसलेली मुले वयात येत नाहीत. त्यांना लेप्टिन दिल्यावर, योग्य वयात, ती वयात येतात. कुपोषणात किंवा अति कष्टाच्या व्यायामात पाळी लांबते वा थांबते, त्याचे कारणही टोल मंदावणे हेच. गर्भारपण आणि अंगावर पाजणे यांचा भार पेलण्याइतकी शिदोरी आहे का, याची जणू मेंदू आधी खात्री करून घेतो. बाळाच्या चोखण्यानेही आईच्या मेंदूतला टोल विस्कळीत होतो. म्हणून बाळ केवळ अंगावर पीत असताना पाळी उशिरा येते. म्हशींमध्ये दिवसाच्या लांबीचा परिणाम होतो. दिवस लहान होऊ लागले, की त्या अधिक प्रमाणात माजावर येतात.

नाकापासून मेंदूपर्यंत

एक गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. विमोचक संप्रेरकाच्या पेशींचा जन्म मेंदूत होत नाही. भ्रूणाच्या अवस्थेत त्या नाकाच्या भागात तयार होतात आणि वासाच्या चेतातंतूंचा आधार घेत मेंदूत शिरतात. १९८९ साली उंदरांच्या भ्रूणांत हा प्रवास दिसून आला. त्यामुळे एका जुन्या कोड्याचा उलगडा झाला. काही व्यक्ती वयात येत नाहीत आणि त्यांना वासही येत नाही, याचे वर्णन फ्रान्झ कालमन यांनी १९४४ साली केले होते. या दोन गोष्टींचा संबंध काय? अशा व्यक्तींत विमोचक संप्रेरकाच्या पेशी वाटेतच अडकलेल्या असतात. घंटा बनते, पण शाळेपर्यंत पोहोचत नाही. योग्य उपचारांनी या व्यक्तीही वयात येऊ शकतात, पण त्यासाठी कोणाच्या तरी ते ध्यानात यायला हवे.

पुन्हा वर्गात

आता रांगेत पुढे उभ्या असलेल्या त्या मुलाकडे वळू. उशिरा वयात येणाऱ्या बहुसंख्य मुलांना कोणताही आजार नसतो. घरात चौकशी केली तर बरेचदा कळते, की वडिलांची किंवा आईची वाढही अशीच उशिरा झाली होती. त्यांच्या मेंदूतला टोल थोडा उशिरा पडतो, इतकेच. त्यात त्या मुलाचा दोष नाही आणि लवकर वयात आलेल्या मुलीचाही नाही. पाचवीतल्या मुलीला पाळी आली, की तिच्या वागण्यावर, कपड्यांवर, पाहिलेल्या सिनेमांवर ठपका ठेवणारी माणसे आपल्या आसपास असतात. ज्या पेशींवर कोणाचीच इच्छा चालत नाही, त्यांच्या कामाबद्दल मुलांना लाजवणे अन्यायाचे आहे.

तरीही काही सीमा माहीत असलेल्या बऱ्या. मुलीमध्ये तेराव्या वर्षापर्यंत स्तनांची वाढ सुरू झाली नाही किंवा पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, मुलामध्ये चौदाव्या वर्षापर्यंत वयात येण्याची काहीच चिन्हे नाहीत, तर पालकांना डॉक्टरांकडे जायला सुचवावे. मुलीमध्ये आठव्या आणि मुलामध्ये नवव्या वर्षाच्या आत ही चिन्हे दिसली तरीही. उशीर होणाऱ्या मुलाला फुलांचा, फोडणीचा वास येतो का, हा साधा प्रश्नही उपयोगी पडू शकतो. हे सारे पालकांशी एकांतात बोलावे, वर्गासमोर नव्हे.

वर्गात हा विषय शिकवताना एक छोटा प्रयोग करता येईल. एका मुलाला टेबलावर दर मिनिटाला एकदा पट्टी आपटायला सांगा. प्रत्येक ठोक्याला बाकीच्यांनी आपल्या वहीत एक खूण करायची. पाच मिनिटांनी त्याच मुलाला पट्टी अखंड आपटत राहायला सांगा. थोड्याच वेळात वह्यांतल्या खुणा थांबतील आणि मुले विचारतील, 'सर, आता खूण कधी करायची?' तेथून पीयूषिकेची गोष्ट सुरू करावी. रांगेत पुढे उभा राहणारा तो मुलगाही ती ऐकत असेल. 'माझे कधी?' या त्याच्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर, कोणाचेही लक्ष त्याच्याकडे न वेधता, त्याला मिळून जाईल.